नमुना

दर महिन्याच्या पाच तारखेला
मी नदीत उतरतो गुडघाभर,
हातात खाकी कागदात गुंडाळलेली बाटली.
जलसुरक्षक, ग्रामपंचायत सडेवळ.
मानधन चार महिन्यांनी येतं, पाणी रोज.

बाटलीचं तोंड प्रवाहाकडे धरायचं,
आत बोट घालायचं नाही,
झाकण खाली ठेवायचं नाही.
प्रशिक्षणात एवढं शिकवलं.
मग लेबल भरायचं. उद्भव, नदी. रंग, नाही. वास, नाही.

वास माघात असतो.
सड्यावर मोहोर फुटला की तुडतुडे येतात,
तुडतुड्यांमागून पंप,
आणि दिवस उगवायच्या आत नदीच्या अंगाला
फटफटत सुरू होतं इंजिन.
दोनशे लिटरचं पिंप, ढवळायला बांबूची काठी.
काठीचं टोक पांढरं पडलंय,
वाळवी लागत नाही तिला.

पुंडलिक, माझा मेव्हणा, फवारणीला जातो.
तोंडाला बायकोची ओढणी, पायात काही नाही.
संध्याकाळी पंप नदीतच धुतो.
पाण्यावर दुधासारखी साय पसरते,
कोंडीच्या कडेने एक फेरी मारते, मग दिसत नाही.
"गेला," म्हणतो. "व्हावतां पाणी, तेका काय होतला?"

शंभर पावलं खाली जॅकवेल आहे.

यंदा कोंडीतले खडस उलटे झाले.
झिंगे काठावर चढून मेले.
पाण्यातल्या जिवाला पाण्यापासून पळायला
जागा किती, वीतभर.
पोरं टोपल्या घेऊन धावली. मी ओरडलो.
दोघांनी ऐकलं.
बाकीच्यांच्या घरी त्या रात्री कालवण होतं.

पाच तारखेची वाट न बघता नमुना भरला,
बर्फात घालून एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिला.
अठरा दिवसांनी कागद आला.
जंतू आढळले नाहीत. पिण्यास योग्य.

खरंच होतं ते.
जंतूसुद्धा उरले नव्हते.

तालुक्याला फोन केला.
"औषधाची तपासणी इथे होत नाही," बाई म्हणाल्या,
"बाहेर पाठवावं लागतं, त्याचा दर वेगळा."
त्याही औषधच म्हणाल्या.
डब्यावर कवटी आहे, खाली लाल रंग आहे,
तरी आम्ही सगळे औषध म्हणतो,
जसं सापाला रात्री जनावर म्हणतात.

खाली खाडीत गोमतीबाय तारी
ओहोटीला तिसऱ्या काढते,
चिखलात बसून, बोटांनी चाचपत.
तिला कोणी कागद पाठवत नाही.
"आधी ओंजळीक बारा गावायच्यो," सांगते,
"आता शिंपी उघडलंय तर आत माती."
ज्या निळ्या कॅनात ती तिसऱ्या भरते
तो वरून वाहत आला होता.
वरचा भाग कोयत्याने कापला.
तीनदा धुतला, म्हणते.
नदीच्याच पाण्याने.

आमचीही चौदा कलमं आहेत सड्यावर.
पहिल्या पेट्यांचे पैसे आले
तेव्हा धाकटीचा चष्मा झाला, छपराचे पत्रे झाले.
म्हणून मी कोणाकडे बोट दाखवत नाही.
बोट बाटलीतही घालत नाही.

लेबलावर शेवटचा रकाना असतो, शेरा.
अकरा वर्षं मी तिथे आडवी रेघ ओढतोय.
उद्या पाच तारीख.
काय लिहायचं ते अजून ठरत नाही,
रकाना तरी केवढा, नखाएवढा.

पुंडलिकला म्हटलं, उद्या तू ये बरोबर,
बाटली तू धर.
हो म्हणाला.
त्याचे हात हल्ली थरथरतात, सकाळी जास्त.
म्हणतो, थंडीने.
चैत्र अर्धा सरलाय.